दार कोणी अडवले? – सर्व्हरवरील पोर्टांचा झगडा

नांदेडच्या बसस्थानकावर लातूरच्या गाडीचा फलाट ठरलेला असतो. प्रवासी पाटी वाचून तेथेच उभे राहतात. माळेगावच्या यात्रेत मात्र जादा गाड्या सुटतात आणि रिकामा दिसेल त्या फलाटावर लागतात. समजा, अशी एक जादा गाडी लातूरच्या फलाटावर आधीच येऊन उभी राहिली. मग लातूरची गाडी धडधाकट असूनही तिला जागा मिळणार नाही. सर्व्हरवरही असाच घोटाळा होतो. तो कसा ओळखावा ते पाहू.

सर्व्हर हा एकच संगणक एकाच वेळी अनेक सेवा पुरवतो. आलेला निरोप कोणत्या सेवेसाठी आहे, हे त्यावरील पोर्ट क्रमांकावरून कळते. हा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे तो ० ते ६५५३५ यांपैकी कोणताही असू शकतो. काही क्रमांक सर्व जगभर ठरलेले आहेत. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, तर सुरक्षितपणे ई-पत्रे वाचण्यासाठी ९९३ व ९९५. एका पोर्टवर साधारणतः एकाच सेवेला बसता येते.

आता आपल्या जादा गाडीकडे वळू. 'नेटवर्क फाइल सिस्टिम' म्हणजेच एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली विकसित केली. हिच्यामुळे दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवरील फाइली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरता येतात. फाइली सांभाळणाऱ्या संगणकाला आपण 'कोठार' म्हणू. कोठार २०४९ या पोर्टवर वाट पाहत असते.

परंतु प्रत्येक जोडणीला दोन टोके असतात. फाइल मागणाऱ्या संगणकालाही आपल्या बाजूने एक पोर्ट लागतो, आणि खरी मेख येथेच आहे. युनिक्सच्या जुन्या प्रथेनुसार १०२४ च्या खालचे पोर्ट केवळ संगणकाच्या व्यवस्थापकालाच उघडता येतात. म्हणून अशा पोर्टवरून आलेली मागणी विश्वासाची मानावी, असे ठरले. कोठार एरवी अशीच मागणी स्वीकारते. त्यामुळे लिनक्स ही प्रणाली आपल्या बाजूसाठी ६६५ ते १०२३ यांमधला एक पोर्ट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडते. ९९३ आणि ९९५ हे दोन्ही याच पट्ट्यात येतात!

समजा, एका महाविद्यालयाचा ई-पत्रांचा सर्व्हर आपली पत्रे अशा कोठारात ठेवतो. परीक्षेच्या आठवड्यात वीज जाते, परत येते आणि सर्व्हर सुरू होतो. आधी कोठाराशी जोडणी होते आणि चिठ्ठीत नेमका ९९३ निघतो. मागाहून पत्रसेवा जागी होते, तर तिचे दार अडलेले! कोणालाच पत्रे वाचता येत नाहीत.

असे किती वेळा घडेल? ६६५ ते १०२३ मिळून ३५९ पोर्ट होतात. त्यांपैकी दोन घातक आहेत. म्हणजे संभाव्यता २/३५९, सुमारे १८० वेळांतून एकदा. रोज दोनदा वीज जात असेल, तर सरासरीने तीन महिन्यांतून एकदा. म्हणूनच हा दोष फसवा आहे. सर्व्हर पुन्हा सुरू केला की तो बहुतेक वेळा नाहीसा होतो, आणि दुरुस्ती झाली असे वाटते. प्रत्यक्षात आपण फक्त नवी चिठ्ठी काढलेली असते.

तेव्हा घाईने सर्व्हर बंद न करता क्रमाने शोध घ्यावा. पहिली गोष्ट म्हणजे पत्रसेवेची नोंदवही वाचावी. तेथे 'पत्ता आधीच वापरात आहे' अशा अर्थाची ओळ सापडेल. मग 'एसएस' या आज्ञेने ९९३ वर कोण आहे ते विचारावे. येथे दोन सापळे आहेत. केवळ वाट पाहणाऱ्या सेवांची यादी मागितली, तर काहीच दिसणार नाही. कारण हा पोर्ट चालू जोडणीने अडवलेला आहे. सर्व जोडण्यांची यादी मागितली, तर ९९३ दिसेल, पण मालकाचे नाव आढळणार नाही. ही जोडणी कोणत्याही प्रोग्रॅमची नसून खुद्द प्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची असते. मात्र दुसऱ्या टोकाचा पोर्ट पाहा. तेथे २०४९ असेल, तर चोर सापडला!

उपाय तीन आहेत. पहिला, पत्रसेवा आधी व कोठाराची जोडणी नंतर सुरू करणे; मात्र पत्रसेवा मध्येच बंद पडली आणि त्याच वेळी जोडणी नव्याने झाली, तर धोका उरतोच. दुसरा, पट्ट्याची खालची मर्यादा ६६५ ऐवजी ९९६ करणे. तिसरा, जोडताना 'नोरिझर्व्हपोर्ट' हा पर्याय देऊन वरचे, मोठे पोर्ट वापरणे. परंतु त्यासाठी कोठारालाही अशी मागणी स्वीकारण्याची सूचना द्यावी लागते. आज ज्याच्या हाती स्वतःचा संगणक आहे तो स्वतःच त्याचा व्यवस्थापक असल्यामुळे, लहान क्रमांकावरचा जुना विश्वास तसाही दुबळाच ठरला आहे.

दोष नाहीसा झाला म्हणून कारण सापडले असे होत नाही. प्रयोगशाळेतला हा नियम सर्व्हरलाही लागू आहे.

स्वाध्याय : (१) खालची मर्यादा ९९६ केल्यास किती पोर्ट उरतील? (२) सर्व्हर दोन वेगवेगळ्या कोठारांना जोडला, तर झगड्याची संभाव्यता किती होईल?

उत्तरे : (१) २८. (२) सुमारे ९० वेळांतून एकदा.