मिरचीचा प्रवास

महाराष्ट्राचा ठेचा, गोव्याचे विंदालू आणि आंध्रचे लोणचे यांची कल्पना मिरचीशिवाय करवत नाही. तरीही मिरची मूळची भारतीय नव्हे. तिची जन्मभूमी मेक्सिको व दक्षिण अमेरिका. १४९२ नंतर युरोपीय दर्यावर्दींनी तिचे बी जगभर नेले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी येथील स्वयंपाकात मिरी, पिंपळी व आले यांचा तिखटपणा होता. या नव्या पाहुणीला लोकांनी मिरीवरूनच नाव दिले.

मिरीच्या वेलीला दमट, सावलीचे हवामान लागते. मिरचीचे झुडूप मात्र परसात, कुंडीतही वाढते. फळे वाळवली की वर्षभर टिकतात. म्हणूनच ती गरिबाच्या भाकरीची सोबतीण झाली.

तिखटपणा ही खरे तर चव नसून जळजळीची संवेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवते. या ग्राहींच्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. म्हणून तोंड पोळल्यास पाण्यापेक्षा दूध उपयोगी पडते. पक्ष्यांना ही जळजळ जाणवत नाही. ते फळे खातात आणि बी दूरवर पसरवतात.

परकी म्हणून मिरची नाकारली गेली असती, तर आपले ताट किती फिके राहिले असते! आज जिला परंपरा म्हटले जाते, तीही कधीकाळी नवीच होती. कोणालाही परके ठरवण्यापूर्वी ताटातील मिरचीकडे एकदा पाहावे.