पाइप नसलेलं प्रदूषण

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली. ऊसपट्ट्यातल्या विहिरींचे, बोअरचे, हातपंपांचे नमुने रोज हाताखालून जायचे. त्यांच्याकडून जे उमगलं, ते सांगते आहे.

१. सर्वांत नितळ दिसणाऱ्या पाण्याबद्दल मी निर्धास्त राहत नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं, आणि दुसरा स्रोत नसला तरी या मर्यादेत सवलत नाही. टीसीएल पावडरीने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी उकळलं तर ते आटतं आणि नायट्रेट अधिक दाट होतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत मोठा, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, अंग निळसर पडतं. त्याच बाळासाठी आई काळजीने पाणी जास्त वेळ उकळत असते. हे आठवलं की आजही माझ्या पोटात कालवतं.

२. कायद्याला पाइप लागतो. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला. केंद्राचा आला १९७४ मध्ये. त्यात भूगर्भातलं पाणीही येतं, विहीरही येते. पण संमतिपत्र, तपासणी, कारवाई हे सगळं सांडपाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडाशी बांधलेलं आहे. कारखान्याचं मळीमिश्रित पाणी ओढ्यात आलं तर ते तोंड सापडतं. शेतातल्या नत्राचं कुठलं तोंड शोधायचं? ते पाटाच्या पाण्याबरोबर मुरमात उतरतं, काळ्या पाषाणाच्या भेगांतून सरकतं, आणि शेकडो शेतांतून थोडं थोडं येऊन एका विहिरीत जमतं. दोन एकरवाल्याला संमतिपत्र मागणं अशक्य आहे आणि अन्यायाचंही, असं मला ठामपणे वाटतं.

३. मग शेतीच्या प्रदूषणाचं खरं धोरण कुठे ठरतं? खताच्या किमतीत. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, तर डीएपीचं ५० किलोचं १३५० रुपयांना. २०१० मध्ये पोषणमूल्यावर आधारित अनुदान आलं ते स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी. युरिया त्यातून बाहेर राहिला आणि स्वस्तच राहिला. पुढे २०१५ मध्ये सगळा युरिया निंबोळी तेलाचं आवरण देऊन विकायचं ठरलं, म्हणजे नत्र सावकाश सुटावं. २०१८ मध्ये ५० किलोचं पोतं ४५ किलोचं झालं, कारण शेतकरी खत किलोत नव्हे, पोत्यांत मोजतो. ज्याला हे सुचलं तो बांधावर उभा राहिलेला असणार. पण अशा युक्त्या किमतीतल्या एवढ्या दरीपुढे किती पुरणार?

४. शेतकऱ्याला दोष देण्याआधी शिफारस वाचावी. आडसाली उसाला राज्यातली शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी युरियाची जवळजवळ आठ पोती. दुसऱ्या खतातून नत्र गेलं तर काही कमी, एवढंच. पाटपाण्यावर पीक त्यातलं निम्मंही बहुधा उचलत नाही. ठिबकमधून तेच नत्र थोडं थोडं दिलं तर कमी लागतं आणि खाली कमी झिरपतं. एका शेतकऱ्याला मी अहवाल समजावत होते. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "ताई, पोतं कमी टाकलं आणि टनेज घटलं तर भरून कोण देणार? आणि हे पाणी आमच्याच घरात पितात, ते का मला कळत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रदूषण करणारा आणि ते पिणारा एकच माणूस असतो, हे कुठल्याही नियमावलीत मला वाचायला मिळालं नव्हतं.

५. सगळं युरियावर ढकलू नये. हातपंपाशेजारचा उकिरडा, गोठ्याचं मूत्र, विहिरीला खेटून खणलेला शोषखड्डा यांतूनही नायट्रेट येतं. पाहणीला गेलं की आधी हे बघावं, मग शेताकडे वळावं.

६. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत मर्यादेबाहेरचं नायट्रेट आढळल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात तर तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मर्यादेपलीकडे होते. आकडा मोठा आहे, पण गाव हलतं ते वेगळ्याच गोष्टीने. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवतात. एका गावी माझा अहवाल पोहोचण्याआधीच त्यांनी परीक्षानळीतला गडद रंग पाहून शाळेतल्या मुलांचं पिण्याचं पाणी दुसऱ्या विहिरीवरून आणायला सुरुवात केली होती. त्या दिवशी माझ्या सहीशिक्क्याची किंमत मला नीट कळली.

७. पैसा कुठे जावा, यावर मी हल्ली आग्रहाने बोलते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत, रासायनिक खताचा वापर घटवून वाचलेल्या अनुदानातला निम्मा वाटा त्या राज्याला मिळायचा आहे. तो ४५ च्या वर गेलेल्या विहिरींच्या गावी आधी पोहोचावा. तिथे ठिबक यावं, माती परीक्षण व्हावं, आणि पोती कमी टाकणाऱ्याचं पहिल्या हंगामात टनेज घटलं तर त्याची भरपाई तिथूनच व्हावी. त्याच विहिरींचे नमुने दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर घेतले जावेत, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावेत, म्हणजे मला प्रश्न विचारणाऱ्या त्या शेतकऱ्याला ते स्वतः वाचता येतील.