जॉर्ज, स. का. आणि तुझा निबंध

ठाकूरद्वार, मुंबई

चि. ओंकार,

तुझा निबंध दोनदा वाचला. भाषा झकास, पण पहिल्याच पानावर निकाल लावून मोकळा झालास: जॉर्ज फर्नांडिस नायक, स. का. पाटील खलनायक. दोघांना जोखायचंच तर काटा एकच ठेव.

1967 च्या निवडणुकीत आम्ही पोरं रात्री खळीची बादली घेऊन ठाकूरद्वार नाक्यावर जॉर्जची पोस्टरं चिकटवायचो. पाटलांना पाडणं तुमच्या हातात आहे, एवढाच त्या पोस्टरांचा सारांश. दक्षिण मुंबईतून तीनदा निवडून आलेला, दिल्लीत रेल्वे खातं सांभाळणारा 'मुंबईचा अनभिषिक्त सम्राट' एकीकडे, आणि मंगळूरहून आलेला, सेमिनरी सोडलेला नगरसेवक दुसरीकडे. पाटील पडले! संयुक्त महाराष्ट्राला त्यांनी केलेला विरोध आणि त्यासाठीची 1955 ची चौपाटीवरची सभा गिरगाव विसरलं नव्हतं. तो राग रास्तच होता. माझा अजून गेलेला नाही.

पण म्हणून 'भांडवलदारांचा माणूस' एवढ्यावर त्यांना उडवायचं? अरे, ते झारापचे, आपल्या कोकणातले. 1949 ते 52 मुंबईचे महापौर. अन्नमंत्री असताना 1960 साली त्यांनी अमेरिकेशी करार केला: चार वर्षांत 160 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ. रेशनचा तो गहू तुझी पणजी सुपात घेऊन, नावं ठेवत निवडायची. पोळ्या मात्र त्याच्याच व्हायच्या. देश परक्याच्या धान्यावर विसंबला, ही टीकाही खरीच. दोन्ही लिही.

पाटील महापौर असतानाच जॉर्ज मुंबईत आले. चौपाटीच्या बाकावर झोपायचे, पोलीस मध्यरात्री उठवून हाकलायचे. पुढे गोदी, टॅक्सी, महापालिका इथल्या कामगारांच्या युनियनमध्ये उभे राहिले. 1968 साली कामगारांसाठी सहकारी बँक काढली. संप सगळ्यांना आठवतात, ही बँक तू विसरलास. माझ्या मते तीही तितकीच मोठी गोष्ट.

1974 चा रेल्वे संप, बडोदा डायनामाइट खटला, तुरुंगातून जिंकलेलं मुझफ्फरपूर, हे तू रंगवून लिहिलंस आणि 1977 ला थांबलास. पुढचं कोण लिहिणार? ज्या मोरारजी देसाईंच्या राज्यात फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या, त्यांच्याच मंत्रिमंडळात जॉर्ज उद्योगमंत्री झाले. 1979 मध्ये लोकसभेत त्या सरकारची तडाखेबंद पाठराखण केली आणि लगेच राजीनामा दिला. 2002 मध्ये गुजरातच्या दंगलींवर तेव्हाच्या सरकारची बाजू मांडली. हे मला आजही पचत नाही. ज्यांच्यासाठी हात खळीने बरबटले, त्यांच्याबद्दल असं लिहायला जड जातं, पण लिहायला हवं. आणि त्याच माणसाने रेल्वेमंत्री असताना 1990 साली कोकण रेल्वे मार्गी लावली, हेही. झाराप स्टेशन त्याच मार्गावर आहे.

दोघांनाही पुढे लोकसभेसाठी मुंबई सोडावी लागली: पाटील बनासकांठाला गेले, जॉर्ज बिहारला. यावर एक परिच्छेद होईल. निबंध दुरुस्त करून गणपतीत येताना घेऊन ये. आणि 1971 गाळू नकोस. याच दक्षिण मुंबईने तेव्हा जॉर्जनाही पाडलं होतं.

तुझा,
आजोबा