काजूची भट्टी: चोथा आणि भाण

मार्चमध्ये पेडणे-डिचोलीच्या डोंगरांत बोंडांचा वास सुटतो. बोंडे तुडवून नीरो काढला, की चोथा त्याच दिवशी उपसावा. रात्रभर राहिलेला चोथा आंबतो आणि दुसऱ्या दिवशीचा रसही बिघडवतो.

भाणाचे तोंड मात्र विस्तव विझवून, भाण पुरते निवल्यावरच उघडावे. दारूची वाफ पेट घेते. तळाचा गाळ राहिला तर पुढच्या खेपेस करपतो व हुर्राकाला जळका वास येतो. आम्ही एकदा घाईत तो सोडला, अख्खे भाण ओतून द्यावे लागले.

आंबट लागून तांब्यावर हिरवा कळंक चढतो. तो पोटात गेल्यास वांत्या होतात. चिंच लावून काथ्याने घासावे, भरपूर पाण्याने धुवावे.

चोथा गुरांना ताजाच आणि थोडा घालावा. आंबलेला खाऊन बैल झिंगतो. उरलेला खड्ड्यात शेणाबरोबर कुजवावा.