आकाशकाचा नेम : मोटरनियंत्रण आणि पुनःप्रदाय

बंगळूर शहरापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर ब्यालालू नावाचे खेडे आहे. दूरच्या अवकाशयानांशी संपर्क राखण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने तेथे एक केंद्र उभारले असून त्यात ३२ मीटर व्यासाच्या तबकडीचा एक आकाशक आहे. चांद्रयान-१ (२००८) व मंगळयान (२०१३) या दोन्ही मोहिमांत या आकाशकाने सेवा बजावली.

यानाकडून येणारा संदेश अत्यंत क्षीण असतो. तो टिपावयाचा तर तबकडीचे मुख बरोबर यानाकडेच असले पाहिजे. सुमारे ३.६ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी ३२ मीटर तबकडीच्या दृष्टीची रुंदी साधारणपणे ०.०८ अंश, म्हणजे पाच कलांहूनही थोडी कमी असते. (एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला होतात.) तबकडी याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ०.०४ अंशाने ढळली, तर हाती येणारी शक्ती निम्मी होते. इतक्या ढळण्यात तबकडीचा काठ किती सरकतो? अवघा ११ मिलिमीटर! एवढे प्रचंड लोखंडी धूड वाऱ्यात, उन्हात व अखंड फिरत असताना मोटरी इतका सूक्ष्म नेम कसा राखतात, हा या पाठाचा विषय होय.

आंधळी मोटर

मोटरीला ठराविक विद्युत् दाब दिला की ती ठराविक वेगाने फिरेल, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. वाऱ्याचा झोत समोरून आला की भार वाढून वेग मंदावतो. तापल्यावर तारांचा रोध वाढतो. थंडीत वंगण घट्ट होते. शिवाय दंतचक्रांच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असतेच. अशा मोटरीला ‘दहा अंश फिर’ अशी आज्ञा दिली, तर ती नऊ फिरली की अकरा, हे तिला कधीच कळत नाही. डोळे मिटून सुईत दोरा ओवण्यासारखाच हा प्रकार आहे.

यावर उपाय एकच. यंत्र प्रत्यक्षात कोठे आहे हे सतत मोजावे, इष्ट स्थानाशी त्याची तुलना करावी, आणि दोहोंत जो फरक आढळेल त्यानुसार मोटरीला आज्ञा द्यावी. फलाची माहिती अशा रीतीने पुन्हा आरंभाकडे पोहोचविणे, यालाच ‘पुनःप्रदाय’ म्हणतात. ही कल्पना नवी नाही. जेम्स वॅट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनावर बसविलेला गोळ्यांचा नियंता याच तत्त्वावर चाले. आणि १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी अशा नियंत्यांचे गणिती विवेचन केले.

सदृश संवेदक

मोजमाप करणाऱ्या साधनास संवेदक म्हणतात. त्याचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील संवेदक मोजावयाच्या राशीबरोबर अखंडपणे बदलणारा विद्युत् दाब देतात. त्यांना सदृश संवेदक म्हणतात. पोटेन्शिओमीटर कोनाच्या प्रमाणात दाब देतो. मोटरीच्या आसाला जोडलेले लहानसे वेगमापक जनित्र वेगाच्या प्रमाणात दाब देते. मोटरीच्या मंडलात घातलेल्या अल्प रोधावरील दाब हा प्रवाहाच्या, आणि म्हणून मोटरीच्या पिळाच्या, प्रमाणात असतो.

सदृश संवेदकाचा गुण असा की, त्याच्या मापनात पायऱ्या नसतात व उत्तर तात्काळ मिळते. दोष असा की, त्यात विद्युतीय गोंगाट सहज मिसळतो. समजा, पोटेन्शिओमीटर ३६० अंशांसाठी १० व्होल्ट दाब देतो. मग एका अंशास सुमारे २८ मिलिव्होल्ट व एका कलेस अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी दाब पडेल. जवळून जाणाऱ्या मोटरीच्या तारा याहून मोठा गोंगाट सहज निर्माण करू शकतात. त्यामुळे कलेच्या अंशापर्यंत स्थान मोजण्याचे काम या साधनावर सोपविता येत नाही.

एन्कोडर

दुसऱ्या वर्गातील संवेदक मापाऐवजी मोजणी करतात. एन्कोडरमध्ये आसाबरोबर फिरणारी काचेची चकती असते व तिच्यावर पारदर्शक आणि अपारदर्शक पट्टे आखलेले असतात. एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाशसंवेदक असतो. साध्या एन्कोडरमध्ये केवळ प्रकाशाचे स्पंद मोजले जातात. वीज खंडित झाली, तर ही मोजणी नष्ट होते. निरपेक्ष एन्कोडरमध्ये मात्र अनेक समकेंद्री वर्तुळांवर पट्टे असतात व प्रत्येक स्थानास स्वतःचा असा द्विमान अंक मिळतो. त्यामुळे वीज परत येताच यंत्र जागचे न हलता आपले स्थान सांगते.

येथे एक अडचण उद्भवते. ७ हा अंक द्विमान पद्धतीत ०१११ व ८ हा १००० असा लिहितात. म्हणजे चारही स्थाने एकाच क्षणी बदलावी लागतात. पट्टे किंचित पुढेमागे असले, तर क्षणभर ११११, म्हणजे १५, असेही वाचन होईल! म्हणून फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी अंकरचना वापरतात. तिच्यात ७ साठी ०१०० व ८ साठी ११०० येते. केवळ एकच स्थान बदलत असल्याने चूक झाली तरी ती एका पायरीहून मोठी होत नाही.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या मूळ योजनेत १७ द्विमान अंकांचे निरपेक्ष एन्कोडर होते. १७ अंकांनी वर्तुळाचे १,३१,०७२ भाग होतात. म्हणजे एक भाग सुमारे १० विकलांचा.

दोघांचे सहकार्य

एन्कोडर इतका अचूक असताना वेगमापक जनित्र कशास हवे? याचे उत्तर मंद गतीत आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकते. १० विकलांची पायरी असलेला एन्कोडर या गतीत सेकंदाच्या दोन तृतीयांश काळात एकदाच नवा अंक देईल. मधल्या काळात वाऱ्याचा झोत आला, तरी त्यास पत्ता नसेल. मोटर मात्र दंतचक्रांमुळे कितीतरी वेगाने फिरत असते. समजा, आकाशकाच्या एका फेऱ्यास मोटरीचे २०,००० फेरे लागतात. मग दिवसात एक फेरा या गतीसाठीही मोटर मिनिटास सुमारे १४ फेरे घेईल, व तिच्या आसावरील जनित्र वेगातील फरक तात्काळ कळवील.

म्हणून नियंत्रणाची तीन वलये एकात एक गुंफलेली असतात. सर्वांत आतील वलय प्रवाह, म्हणजे पीळ, सांभाळते व ते सर्वांत चपळ असते. मधले वलय वेग सांभाळते. बाहेरचे वलय एन्कोडरच्या साहाय्याने स्थान सांभाळते. आतील वलयांना चपळाई सदृश संवेदक देतात. बाहेरील वलयास अचूकता एन्कोडर देतो.

दुरुस्ती किती जोराने करावी, हाही नाजूक प्रश्न आहे. नवशिका सायकलस्वार तोल जाताच हँडल फार वळवितो, मग उलट फार वळवितो, आणि अखेर पडतो. आकाशकाचेही तसेच. दुरुस्ती फार जोराची व माहिती उशिरा आलेली असेल, तर तबकडी इष्ट स्थानाभोवती डोलू लागते. दुरुस्ती फार हळुवार केली, तर ती यानाच्या मागे पडते. दात्यांमधील मोकळीक हे डोलणे वाढविते. त्यावर खोडद येथे एक युक्ती योजिली गेली : प्रत्येक आसास दोन मोटरी लावून त्या एकमेकींविरुद्ध किंचित ओढत ठेवावयाच्या, म्हणजे दाते सदैव एकमेकांस टेकलेले राहतात.

संवेदकाची मर्यादा

पुनःप्रदायाने दुरुस्त होते ती केवळ मोजली गेलेली चूक. एन्कोडर मोटरीच्या आसावर बसविला, तर दंतचक्रांतील मोकळीक त्यास दिसत नाही. म्हणून तो आकाशकाच्या आसावर बसवितात. तरीही स्वतःच्या वजनाने वा उन्हाने तबकडी वाकली, तर ते त्यासही कळत नाही. यासाठी आकाशातील ज्ञात रेडिओ स्रोतांवर नेम धरून उरलेली चूक शोधतात व तिची नोंद संगणकाच्या आज्ञेत करतात. अखेरची साक्ष अशा रीतीने आकाशाचीच घ्यावी लागते.

स्वाध्याय

१. १२ द्विमान अंकांच्या एन्कोडरचा एक भाग किती कलांचा होईल? ब्यालालूच्या तबकडीस तो पुरेल काय?

२. द्विमान पद्धतीत ३ वरून ४ वर जाताना किती स्थाने बदलतात?

३. शिवणयंत्र, पंखा व उद्वाहक यांपैकी कशास स्थानाचा पुनःप्रदाय आवश्यक आहे? का?