ज्योतीतून गारवा
ज्योत पेटवावी आणि बर्फ व्हावा, हे मला प्रथम खरेच वाटेना. अमेरिकेत मामांच्या मोटारघरातील प्रोपेनवर चालणारा फ्रीज पाहिला, तेव्हा उलगडा झाला. ही रचना स्वीडनमधील प्लाटेन व मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधली.

हिच्यात पंपाचे यंत्र नाही. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यात विरघळलेला अमोनिया वायुरूपाने सुटतो, वर जाऊन निवतो व द्रव होतो. मग हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची वाफ होते. ती कप्प्यातील उष्णता शोषते. पुढे पाणी अमोनियाला पुन्हा सामावून घेते.

द्रव परततो तो केवळ नळ्यांच्या उताराने. म्हणून गाडी समपातळीत हवी. एका रात्री आम्ही ती चढावर उभी केली. सकाळी कप्पा कोमट, आणि आत मामांचे इन्शुलिन! ते कापडात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवले. गाडी सपाटीवर आणली, फ्रीज निवू दिला, पुन्हा पेटवला. संध्याकाळी गारवा आला.

ज्योत निळी असावी. पिवळी दिसल्यास बर्नर व धुराड्यातील काजळी काढावी. गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी ओढून कदापि नव्हे. अमोनियाचा उग्र दर्प आल्यास फ्रीज बंद करून बाहेर पडावे.

आता गाडी थांबली की मामा आधी स्पिरिट लेव्हल काढतात, मग चहाचे भांडे.