लोणारच्या विवराचा दीडशे वर्षांचा शोध

'खडक व माती' हा भूगोलाचा पाठ शाळांतून बहुधा चित्रांवरून शिकविला जातो. वस्तुतः मालेगाव तालुक्यातील शिक्षकास या पाठाचे साधन गावाच्या शिवारातच उपलब्ध आहे. नवी विहीर खोदली जात असता वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, पुढे कोठे सच्छिद्र मांजऱ्या तर कोठे सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण असे थर क्रमाने लागतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून वेळोवेळी वर आलेला लाव्हारस थरावर थर पसरून थंड झाला. त्यापासून हा बेसॉल्ट खडक बनला. मालेगावपासून सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटरांवर, पश्चिम-नैर्ऋत्येस, लोणारचे सरोवर आहे. त्याच्या कड्यांत हेच थर उघडे पडलेले दिसतात. वर्गातील कित्येक मुलांनी ते आईवडिलांसमवेत पाहिलेले असते. तेव्हा विहिरीपासून आरंभ करून लोणारपर्यंत पाठ नेणे सहज साधते.

सरोवराविषयी मुले जी कथा सांगतात ती प्रथम शांतपणे ऐकून घ्यावी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालील विवरात राहत होता, विष्णूने दैत्यसूदन रूपाने त्याच्या विवराचे झाकण उडवून त्याचा वध केला, आणि म्हणून तेथील पाणी खारट झाले, अशी ती कथा आहे. लोणार गावात दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे. कथेची थट्टा करणे अयोग्य तर होयच, पण अध्यापनाच्या दृष्टीनेही तोट्याचे होय. कारण या कथेत दोन खरे प्रश्न आहेत: एवढा गोल खड्डा कसा पडला, आणि पाणी खारे का? सरकारी भूशास्त्रज्ञांनीही हेच दोन प्रश्न विचारले. त्यांपैकी एकाचे उत्तर त्यांना लवकर सापडले. दुसऱ्याचे उत्तर दीर्घकाळ चुकत राहिले.

हिंदुस्थान सरकारचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ मध्ये कलकत्त्यास टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. त्याचा मूळ हेतू मुख्यतः दगडी कोळशाचा शोध हा होता. परंतु कोळसा शोधावयाचा तर सर्वच खडकांचा नकाशा करावा लागतो. म्हणून या खात्यातील मंडळी बैल, उंट, तंबू यांसह प्रांतोप्रांती हिंडली. विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हे त्यांपैकीच एक. ते १८५५ मध्ये खात्यात आले. खडकांबरोबरच पशुपक्ष्यांचाही त्यांचा अभ्यास एवढा होता की, हिंदुस्थानातील प्राण्यांवरील मोठी ग्रंथमाला पुढे त्यांच्याच संपादनाखाली निघाली व तिच्यातील सस्तन प्राण्यांचा भाग त्यांनी स्वतः लिहिला. एकच मनुष्य खडक, पाणी व वन्यप्राणी यांची नोंद करीत असे, तो तो काळ होता.

लोणारची नोंद १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केली होती. पुढे ब्लॅनफर्ड यांनी हे विवर ज्वालामुखीच्या स्फोटाने झाले असावे असे मत दिले. सारा प्रदेशच लाव्ह्याचा. तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच, हा तर्क स्वाभाविक होता. काहींना मात्र जमीन खचून हा खड्डा पडला असे वाटले. अडचण एवढीच होती की, खड्ड्यातून बाहेर पडलेला नवा लाव्हा कोठेच दिसत नव्हता.

पाण्याचा प्रश्न अधिक सुदैवी ठरला. लोणारचा क्षार पूर्वापार प्रसिद्ध होता. काच व साबण यांच्या कामी येणारे द्रव्य येथे मिळते, असा उल्लेख 'ऐन-ई-अकबरी'तही आहे. सर्वेक्षण खात्याचे ला टूश आणि रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टी यांनी सरोवराचा अभ्यास करून १९१२ मध्ये तो खात्याच्या नोंदींत प्रसिद्ध केला. क्रिस्टी यांनी त्यापूर्वी राजपुतान्यातील सांभर सरोवराच्या मिठाचाही शोध घेतला होता. लोणारच्या पाण्याचे गूढ पुढीलप्रमाणे उलगडते. कड्यावरून 'धार' नावाचा गोड्या पाण्याचा झरा बारमाही खाली येतो, पावसाळ्यात ओघळ येतात. हे पाणी बेसॉल्ट खडकातून झिरपताना त्यातील क्षार अत्यल्प प्रमाणात विरघळवून आणते. सरोवराला बाहेर जाण्यास वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते, क्षार मागे राहतो. हजारो वर्षे असे चालल्यावर गोड्या झऱ्यांनीच भरलेले सरोवर खारे होते. झरा गोड आणि सरोवर खारे, हे मुलांना प्रथम विपरीत वाटते. तेथेच त्यांना थोडा वेळ थांबू द्यावे.

या भागासाठी दोन प्रयोग बिनखर्चाचे आहेत. उथळ थाळीत पाणी घेऊन त्यात चमचाभर पापडखार विरघळवावा व थाळी उन्हात ठेवावी. पाणी आटेल तेवढे गोडे पाणी रोज घालावे, आणि शेवटी घालणे बंद करावे. दुसरा प्रयोग हळदीचा. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा. त्यावर विहिरीचे पाणी टाकल्यास फारसा फरक पडत नाही; पापडखाराचे पाणी टाकताच कागद तांबडा होतो. लोणारचे पाणीही असेच क्षारयुक्त आहे.

आता खड्ड्याचा प्रश्न. अमेरिकेतील ॲरिझोना येथे सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे असेच एक विवर आहे. तेथील सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गिल्बर्ट हे, उल्का आदळून ते झाले की काय याची परीक्षा करण्यास १८९१ मध्ये गेले. जमिनीत लोखंडाचा मोठा गोळा पुरलेला असेल तर होकायंत्र विचलित झाले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. ते विचलित झाले नाही. तेव्हा त्यांनी वाफेच्या स्फोटाचा पक्ष स्वीकारला, आणि १८९६ मध्ये त्याच्या पुष्ट्यर्थ लोणारचा दाखला दिला. लोणारविषयीचे मत अशा रीतीने ॲरिझोनाच्या मताचा आधार बनले. दोन्ही मते पुढे चुकीची ठरली. गिल्बर्ट यांची पद्धत मात्र निर्दोष होती. अतिवेगाने आदळणारी उल्का स्वतःच बहुतांशी नष्ट होते, हे त्या काळी ज्ञात नव्हते एवढेच.

१९६० मध्ये ॲरिझोनाच्या विवरात प्रचंड दाबाखालीच बनणारे कोएसाइट हे खनिज सापडले आणि तेथील वाद मिटला. मग दृष्टी लोणारकडे वळली. तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढले. त्यांत मस्केलिनाइट आढळले. हे न वितळता केवळ आघाताच्या दाबाने काच बनलेले खनिज होय. ज्वालामुखी ते बनवू शकत नाही. १९७३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लोणार हे बेसॉल्ट खडकात पडलेले उल्काविवर ठरले. पृथ्वीवर अशी विवरे फारच थोडी. चंद्रावरील लाव्ह्याच्या मैदानांत मात्र ती विपुल आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांनाही लोणारचे महत्त्व वाटते.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर असून कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा उंच उचललेली आहे. ही उचललेली कड मुलांना दाखविण्यासाठी परातीत चाळलेली राख पसरून तीवर उंचावरून खडा सोडावा. येथे एक सावधगिरी हवी. खडा राखेला केवळ बाजूस ढकलतो. उल्का आदळताक्षणी स्फोट होतो. म्हणूनच उल्का तिरपी आली तरी विवर गोलच पडते. हा भेद न सांगितल्यास मुले सरोवराच्या तळाशी मोठा धोंडा पुरलेला आहे असे समजतात, आणि गिल्बर्ट यांचीच चूक वर्गात पुन्हा घडते.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नाना तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून, अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवरास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. परिसर २००० पासून अभयारण्य आहे. सहलीस गेल्यावर तेथील दगड उचलून आणू नयेत, हे निघण्यापूर्वीच सांगावे.

विवराचे वय किती, हे मुले हमखास विचारतात. खडकातील साठलेल्या किरणोत्सारी ऊर्जेच्या मापनावरून ते सुमारे ५२,००० वर्षे काढण्यात आले होते. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या पद्धतीने ते सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे निघाले. फळ्यावर दोन्ही आकडे, त्यांच्या पद्धतींसह, लिहावेत.